डोंगरात ठेवलेले सामान जागेवर मिळावे म्हणून : अजिंठा रांगेत लांब पल्ल्याने चालणाऱ्या नवख्यांसाठी

अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या आमच्या पहिल्याच लांब चालीत सामान चोरीला गेले. निदान त्या संध्याकाळी आम्ही तसे समजलो. अंतूर किल्ल्याहून निघून सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा हे किल्ले करीत अजिंठा लेण्यांपर्यंत रांगेच्या कडेने जायचे, असा चौघांचा बेत होता. सगळे पाणी पाठीवर वाहणे शक्य नव्हते, म्हणून आठवडाभर आधी मोटारसायकलने जाऊन वाटेतल्या एका कपारीत दहा-दहा लिटरचे तीन कॅन, तांदूळ-डाळीची पिशवी, स्टोव्हच्या गॅसची डबी, ताडपत्री आणि दोरी असा साठा आम्ही लपवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना तिथे पोहोचलो, तर फाटलेली पिशवी, मातीत मिसळलेले तांदूळ आणि गॅसची डबी एवढेच उरले होते. चौघांत मिळून दीड लिटर पाणी होते. त्यावर रात्र काढली आणि सकाळी डोंगरावरच्या शिवारात शिरलो, तर पहिल्याच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मक्याच्या कणसांच्या ढिगावर आमची ताडपत्री घातलेली दिसली.

तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला बाजेवर बसवले, आधी पाणी दिले, मग चहा ठेवला आणि आमच्यातल्या एकाने रागाने विषय काढल्यावर शांतपणे म्हणाले, "बेवारस दिसलं म्हून आणलं, पोरांनो. त्याच्यावर नाव लिवायचं ना. आन् ठिवताना कोणाला इचारलं व्हतं?" कॅन, दोरी आणि ताडपत्री त्यांनी तिथल्या तिथे परत केली. तांदूळ त्यांनी नेले नव्हते. ते वानरांनी उधळले होते आणि बाबांनी ते स्वतः पाहिले होते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पुढे जे शिकलो ते बहुतेक त्या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच शिकलो, आणि या लेखातही मुख्यतः तेच आहे.

आमच्या गटात अशा साठ्याला आता 'पेव' म्हणतात. जुन्या काळी जमिनीत खोल खड्डा करून त्यात धान्य साठवीत, ते पेव. मराठवाड्यातल्या अनेक घरांत ते पाहिलेली म्हातारी माणसे अजून भेटतात. गावातल्या पेवात आणि आपल्या साठ्यात एक मोठा फरक आहे. पेव कुठे आहे हे घरच्यांना, गड्यांना आणि निम्म्या गावाला ठाऊक असे. आपण मात्र आपला साठा कोणालाच कळू नये अशा बेताने ठेवतो, आणि तिथेच फसतो.

१. साठा लागतोच का, ते आधी ठरवा

थंडीच्या दिवसांतही चालणाऱ्या माणसाला दिवसाकाठी चार लिटर पाणी धरावे. तीन पिण्याला, एक स्वयंपाकाला. चौघांचे तीन दिवसांचे पाणी म्हणजे ४८ लिटर, अर्थात ४८ किलो वजन. हा हिशेब कागदावर मांडला की नवखा माणूस लगेच साठा लपवण्याच्या विचाराला लागतो. पण त्याआधी नकाशा नीट पाहावा. अजिंठ्याची रांग उत्तरेकडे खानदेशात कड्याने तुटते, तर दक्षिणेकडे कड्याच्या जवळपर्यंत शेती पोहोचलेली आहे. वेताळवाडीच्या किल्ल्याखालून हळदा घाटाचा रस्ता जातो आणि वर हळदा गाव आहे. जंजाळ्याच्या किल्ल्याशेजारी त्याच नावाचे गाव आहे. सुतोंड्यावर कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, मात्र त्यांतले पाणी गाळून आणि उकळून घ्यावे लागते आणि उन्हाळ्याकडे त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. अशा ठिकाणी मुक्काम बसवले, तर पाण्याचा साठा एखाद्याच टप्प्यासाठी लागतो आणि पुष्कळदा लागतही नाही.

साठा ठेवलाच, तर एक नियम कधी मोडू नका: साठ्याच्या जागी पोहोचाल तेव्हा तिथून पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंत जाता येईल इतके पाणी पाठीवर शिल्लक असले पाहिजे. आम्ही माणशी दीड लिटर धरतो. अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही सुमारे ४,२६० किलोमीटरची पायवाट आहे. तिच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या टापूत काही जागी स्वयंसेवक पाणी ठेवतात, आणि तरीही त्या वाटेची काळजी घेणारी संस्था चालणाऱ्यांना सांगते की या पाण्यावर विसंबून निघू नका. दुसऱ्याने भलेपणाने ठेवलेल्या पाण्याची ही गोष्ट असेल, तर आपण लपवलेल्या कॅनवर जीव टांगणे शहाणपणाचे नाही. पहिल्या वेळी आम्ही नेमके तेच केले होते. डिसेंबर होता म्हणून निभावले. मार्च असता तर हा लेख लिहिण्याच्या स्थितीत मी नसतो.

२. जमीन कोणाची आहे, ते पाहा

रानात कुठेही सामान ठेवले तरी चालते, हा मोठा गैरसमज आहे. कन्नड आणि चाळीसगाव यांच्या मधले गौताळा औट्रामघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि त्याचा विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग तिथे सामान पुरून ठेवणे तर दूरच राहिले. बिबट्या आणि अस्वल इथे पूर्वीपासून आहेत, आणि २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. खाण्याचा वास सुटणारी पिशवी अशा जंगलात ठेवून जाणे हे तुमच्या सामानाला जितके धोक्याचे, त्याहून जास्त त्या प्राण्यांना आणि नंतर त्या वाटेने जाणाऱ्या गुराख्याला धोक्याचे आहे. म्हणून अभयारण्याच्या हद्दीत साठा ठेवूच नका; हद्दीबाहेरच्या गावात ठेवा.

किल्ले आणि लेण्यांच्या आवारातही हेच पथ्य पाळावे. संरक्षित स्मारकात खोदकाम करणे गुन्हा आहे, आणि किल्ल्यावर कोणी खड्डा खणताना दिसला की गावकऱ्यांना पहिली शंका गुप्तधनाची येते. ती शंका एकदा आली की तुमच्या डाळ-तांदळावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि तुम्ही गेल्यावर तो खड्डा उकरला जाणार हेही नक्की.

बरोबर ठेवायची कागदपत्रे अशी:

- वनक्षेत्रातून जाणार असाल तर वन कार्यालयाची लेखी परवानगी आणि तिची एक छायाप्रत
- प्रत्येकाच्या आधार कार्डाची छायाप्रत
- सर्वांची नावे, घरचे संपर्क, रक्तगट आणि दिवसवार मुक्काम लिहिलेला कागद. याची एक प्रत घरी आणि एक पायथ्याच्या गावात
- साठ्यातल्या वस्तूंची यादी, आणि महागड्या वस्तूंची बिले किंवा छायाचित्रे
- गाडी पायथ्याशी ठेवणार असाल तर तिचा क्रमांक आणि ती कोणाच्या दारात आहे त्याची नोंद

आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाईल बंद पडल्यावर त्यात साठवलेले क्रमांक काही कामाचे नसतात.

३. सामान नेतो कोण, हे समजून घ्या

या टापूत चालणाऱ्यांच्या तोंडून "सामान चोरीला गेले" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी आधी विचारतो की उरले काय होते. जे उरले असेल त्यावरूनच कोण येऊन गेले ते कळते.

पिशवी फाटलेली, पुडे दातांनी फोडलेले आणि धान्य विखुरलेले असेल तर ते बहुधा वानरांचे काम असते. आपल्याकडची काळतोंडी वानरे दिवसा हिंडतात, झाडावर बसून तुम्हाला सामान ठेवताना पाहतात आणि तुमची पाठ वळली की खाली उतरतात. अन्नाची पिशवी दोरीने उंच फांदीला टांगावी, असे परदेशी चित्रफितींत दाखवतात. तो उपाय अस्वलासाठी आहे. वानरांच्या राज्यात पिशवी फांदीला टांगणे म्हणजे त्यांना ताट वाढून देण्यासारखे आहे. रानडुकरे उकरतात, म्हणून उथळ पुरलेले काही टिकत नाही. साळिंदराला मिठाची ओढ असते, त्यामुळे घामट पट्टे आणि लाकडी दांडे ते कुरतडते. घुशी आणि उंदीर पातळ प्लॅस्टिकचा कॅन खालून पोखरतात, आणि पाणी मातीत मुरून गेल्यावर रिकामा कॅन पाहून आपण माणसावर आळ घेतो. वाळवीला तर कोणी हिशेबातच धरीत नाही. कापडी पिशवी, गोणपाट किंवा पुठ्ठ्याचा खोका जमिनीला टेकवून ठेवला, तर आठ-दहा दिवसांत त्याच्या बुडाची माती झालेली असू शकते.

चोर नसताना साठा रिता होण्याचे सर्वांत दुःखद उदाहरण दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरचे आहे. १९१२ साली ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला आधीच्या साठ्यांमधले रॉकेल कमी भरलेले आढळले, कारण डब्यांच्या झाकणांतून ते निसटून गेले होते. ज्यात स्कॉट आणि त्यांचे सोबती मेले तो शेवटचा तंबू 'वन टन' नावाच्या मोठ्या साठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर राहिला. त्या बर्फात कोणी माणूस चोरी करायला येणार नव्हता. म्हणून कॅन भरल्यावर तो आडवा करून घरी रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर तो कॅन बाद करा.

माणसांनी नेलेले वेगळे दिसते. गाठ सोडलेली असते, कापलेली नसते. अन्न बहुधा तसेच राहते, आणि ताडपत्री, दोरी, कोयता, बॅटरी व झाकणाचा चांगला कॅन जातो. ज्या भागासाठी २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात पाण्याच्या धड कॅनची किंमत शहरातल्या माणसाला सहजासहजी कळत नाही. शेतावरून घरी आणि घरून शेतावर तो रोज लागतो. कपारीत धूळ खात पडलेला कॅन पाहून गुराखी तो उचलतो, तेव्हा आपण चोरी करतो आहोत असे त्याला वाटतही नसते. कोणीतरी टाकून गेले आहे, असेच त्याला वाटते. सहलीला येणारे तरुण दारू पिऊन टाकलेल्या बाटल्या आणि पत्रावळी जागोजाग सोडून जातात, त्यामुळे त्याचा तसा समज होण्यात त्याचा काही दोष नाही.

खरी चोरीही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. रस्त्यालगतच्या जागेतून, गाडी उभी राहू शकते अशा वळणाजवळून आणि तीर्थस्थानांच्या आसपासच्या झाडीतून सामान हटकून जाते. तिथे नेणारा बहुधा गावातला नसतो. येणारा-जाणारा असतो, आणि कधी कधी आपल्यासारखाच पाठीवर पिशवी घेतलेला चालणारा असतो. हे लिहायला बरे वाटत नाही, पण एकदा आमच्या साठ्यातली गॅसची नवी डबी गेली आणि तिच्या जागी त्याच आकाराची रिकामी डबी ठेवलेली सापडली. गुराख्याला त्या डबीचा काय उपयोग?

४. आधी गावात विचारा

पहिली पसंती रानाला नको, माणसांना द्या. आखाडा, किराणा दुकान, पुजारी राहत असलेले मंदिर आणि पोलीस पाटलांचे घर हे माझ्या पसंतीचे क्रम आहेत. आखाडा पहिला, कारण तो बहुधा गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला असतो आणि तिथे सालगडी किंवा मालक राहत असल्यामुळे माणसाचा वावर रोज असतो. शाळा मला पसंत नाही. सुट्टीच्या दिवशी कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नसते. मंदिरात ठेवायचे तर पुजाऱ्याला यात्रेची तिथी विचारून घ्या, नाहीतर ऐन मुक्कामाच्या दिवशी हजार माणसांतून वाट काढून आपला ड्रम शोधावा लागतो.

विचारण्याचीही पद्धत आहे. गाडीवरून उतरताच "काका, हे जरा ठेवता का" असे म्हणू नका. राम राम करा, आपण कोण, कुठले, कशासाठी चालतो ते सांगा, आणि घरात मोठे माणूस असेल तर त्यांच्याशी बोला. सामान उघडून दाखवा. बंद ड्रम कोणीही घरात ठेवून घेणार नाही, आणि ठेवून घेऊही नये. कोणत्या तारखेला नेणार आणि उशीर झाला तर किती दिवस वाट पाहायची, ते स्पष्ट सांगा. सांभाळण्याबद्दल काही द्यायचे असेल तर ते सामान नेताना द्या. पैसे घेत नसतील तर घरात लहान मुले असल्यास वह्या द्याव्यात. दारूची बाटली कधीही देऊ नका, मागितली तरी.

नवखे इथे एक चूक करतात. एका घरी सामान ठेवतात आणि त्याची वाच्यता होऊ नये म्हणून बाकीच्यांपासून लपवतात. त्या घरचा माणूस नेमका त्या दिवशी बाजाराला गेला, की आपण कुलूप लावलेल्या दारासमोर उभे. शेजारच्या आखाड्यावरही सांगून ठेवावे. चार जणांना माहीत असलेली वस्तू सहसा हलत नाही, कारण ती हलली तर कोणी हलवली हेही चार जणांना कळते.

५. रानातच ठेवायचे असेल तर

काही टप्प्यांवर जवळ वस्ती नसते आणि जमीन अभयारण्यातली किंवा स्मारकाची नसते. तिथेही ज्याचे शेत किंवा गायरान जवळ असेल त्याला विचारून मगच ठेवावे. लागणाऱ्या वस्तू या:

- रुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा किंवा लोखंडी कडीने आवळायचा वीस-तीस लिटरचा जाड प्लॅस्टिकचा ड्रम
- पाण्यासाठी पाच लिटरचे जाड कॅन. वीस लिटरचा एकच मोठा जार नको
- न पुसणारा मार्कर आणि पारदर्शक चिकटपट्टी
- एकदाच वापरता येणारे प्लॅस्टिकचे बंद, म्हणजे झिप टाय
- सुतळी, चुनखडी आणि लहान टॉर्च

ड्रम विकत घेताना त्यात आधी काय होते ते विचारा. फवारणीच्या औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी अन्नाला वापरू नये. अन्न आधी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून मग ड्रममध्ये ठेवा. शेंगदाणे, गूळ आणि सुकी मासळी यांचा वास लांब जातो, म्हणून त्या वस्तू साठ्यात न ठेवता पाठीवर न्याव्यात. साबण अन्नाबरोबर ठेवू नका. ज्वारीच्या पिठाला साबणाचा वास लागला की त्या भाकरी घशाखाली उतरत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. ड्रमच्या झाकणाला झिप टाय लावा. तो कुलपासारखा अडवणार नाही, पण कोणी उघडले होते का, एवढे नक्की सांगेल, आणि उघडलेल्या साठ्यातले पाणी प्यायचे की नाही हे ठरवायला तेवढी माहिती पुरते. कुलूप मात्र लावू नका. कुलूप पाहिले की आत काहीतरी मोलाचे आहे, असे पाहणाऱ्याला वाटते.

साठा एका जागी ठेवू नका. पाणी एकीकडे, अन्न दुसरीकडे, आणि दोन्हींमध्ये शंभर-दोनशे पावलांचे अंतर असावे. पाण्याचे कॅन सावलीत, सपाट दगडावर, उभे ठेवा. ओढ्याच्या पात्रात काही ठेवू नका, मग ते हिवाळ्यात कितीही कोरडे असो, कारण अवकाळी पाऊस मराठवाड्याला नवा नाही. कपारीत हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहा आणि उजेड पाडा. साप, विंचू आणि आग्या मोहोळ यांच्या जागा आपल्याला आवडतात तशाच असतात. महाग वस्तू, औषधे, पैसे आणि कागदपत्रे साठ्यात ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

ड्रमवर आणि प्रत्येक कॅनवर मराठीत ठळक चिठ्ठी लावा. आमची चिठ्ठी अशी असते:

*"राम राम. हे सामान आमचे आहे, टाकून दिलेले नाही. आम्ही चौघे पायी येत आहोत आणि ता. … रोजी हे घेऊन जाणार आहोत. अमुक आखाड्यावर सांगून ठेवले आहे. आम्हाला पुढे पाणी नाही. आपल्याला तहान लागली असेल तर एक कॅन जरूर घ्या, बाकीचे राहू द्या. ता. … नंतर आम्ही आलो नाही, तर सामान आपले समजा आणि अमुक क्रमांकावर कळवा."*

खाली नाव, गाव आणि घरच्या माणसाचा फोन. ही चिठ्ठी लावल्याने साठा उघड होतो, अशी शंका नवखे काढतात. उघड होतोच. पण ज्याला सापडायचा त्याला तो चिठ्ठीशिवायही सापडतो, आणि चिठ्ठीमुळे त्याला निदान कळते की हे कोणाचे तरी पाणी आहे. तहानलेल्याला एक कॅन देऊ केला की बाकीचे दोन राखायला तोच मदत करतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

६. जागेची नोंद तीन प्रकारे करा

चोरी झाली असे समजून परत फिरलेल्या एका गटाचा साठा पुढे दोन महिन्यांनी जसाच्या तसा सापडला. ते शेजारच्या कपारीत शोधत होते. मोबाईलमधल्या जीपीएसचा ठिपका कड्याखाली आणि दाट झाडीत सहज दहा-पंधरा मीटर सरकतो. म्हणून ठिपका, छायाचित्र आणि कागदावर शब्दांत लिहिलेले वर्णन, अशी तिहेरी नोंद ठेवा. छायाचित्र साठ्याचे नको. साठ्याकडे येताना समोर जे दिसेल त्याचे घ्या, आणि ज्या दिशेने प्रत्यक्ष येणार आहात त्या दिशेने उभे राहून घ्या. हिरवे रान हिवाळ्यानंतर पिवळे होते आणि झाडे पानगळीने ओळखू येत नाहीत, तेव्हा खूण दगडाची किंवा कड्याची असावी, झाडाची नसावी.

स्कॉट यांच्या आधी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेले नॉर्वेचे अमुंडसेन यांनी आपल्या साठ्यांच्या दोन्ही बाजूंना, प्रवासाच्या दिशेला काटकोनात, निशाणांची लांब रांग रोवली होती. धुक्यात वाट चुकली तरी कुठल्यातरी निशाणाशी गाठ पडावी, हा त्यातला विचार. आपण निशाणे रोवू शकत नाही आणि रोवूही नयेत, पण ओढा, शेताचा बांध किंवा कड्याची कड अशी आडवी रेघ निवडून साठा तिच्यालगत ठेवता येतो. मग अंधारातही त्या रेघेने चालत गेले की जागा सापडते. खुणेसाठी दगडांवर रंग फासणे किंवा झाडाची साल तासणे टाळावे. लागलीच तर चुनखडीची रेघ पुरे. पहिल्या पावसात धुऊन जाते.

७. जागा रिकामी सापडली तर

सर्वांनी खाली बसा आणि शिल्लक पाणी मोजा. हे पहिले काम, शोधाशोध नंतर. पाणी पुढच्या खात्रीच्या ठिकाणापर्यंत पुरत नसेल, तर जवळच्या शिवाराकडे किंवा रस्त्याकडे वळा आणि चाल तिथेच थांबवा. अंधार पडला असेल तर कड्याच्या बाजूला शोधायला जाऊ नका. उजेड असेल तर आसपास पन्नास पावलांच्या घेऱ्यात पाहा. प्राण्यांनी ओढून नेलेले सामान बहुधा त्याच अंतरात सापडते. जे उरले आहे त्याची छायाचित्रे घ्या.

गावात गेल्यावर "आमचे सामान कोणी चोरले" असे विचारू नका. "आमचे सामान इथे राहिले होते, कोणाला सापडले का" असे विचारा. पहिल्या प्रश्नावर गाव मिटते, दुसऱ्यावर बोलू लागते. चहाच्या टपरीवर, पारावर आणि गुरे घेऊन निघालेल्या पोरांना विचारले, तर दिवसभरात बातमी हाती लागते.

एका बाबतीत विशेष जपावे लागते. रानालगत पाल ठोकून राहणारे पारधी आणि इतर भटके समाज यांच्यावर आळ सर्वांत आधी येतो, आणि कधी कधी गावातलेच कोणी पुराव्याशिवाय तिकडे बोट दाखवते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. तुमच्या तीनशे रुपयांच्या ताडपत्रीपायी कोणाच्या तरी पालावर पोलिसांची गाडी जाणार असेल, तर तोंड उघडण्याआधी दहादा विचार करा. पाहिलेले तेवढेच सांगावे. ऐकीव नाव तक्रारीत लिहू नये.

तक्रार करायचीच असेल, म्हणजे महाग वस्तू गेली असेल किंवा गाडी फोडली असेल, तर वस्तूंची यादी, बिले, जागेची नोंद आणि छायाचित्रे घेऊन पोलीस ठाण्यात जा. डोंगरात हद्द कोणत्या ठाण्याची, हा घोळ नेहमीचा आहे. घटना हद्दीबाहेरची असली तरी 'शून्य' क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, दोषी ठरलेल्याचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा कलम ३१४ खालचा वेगळा गुन्हा आहे, पण ती बेवारस आहे असे खरोखरच समजून कोणी उचलली असेल, तर त्याला चोर म्हणता येत नाही. नाव-तारीख नसलेला कॅन कपारीत लपवून तुम्ही स्वतःच त्याला बेवारस केलेले असते, आणि चौकशीला बसलेला हवालदार पहिला प्रश्न तोच विचारील.

८. न लागलेला साठा परत आणा

चाल अर्ध्यात मोडली किंवा पाणी वाटेतच मिळाले, की नवखे साठा तसाच सोडून घरी जातात. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल, असे मनाला सांगतात. तो उपयोगी पडत नाही. कॅन उन्हाने ठिसूळ होतो, धान्याला किडे लागतात, आणि फेब्रुवारी उलटल्यावर गवत वाळून वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा कपारीत राहिलेली गॅसची डबी म्हणजे सुरुंगच. साठा ठेवायला गेलेल्यांपैकीच एकाच्या नावावर तो परत आणण्याचे काम निघण्याआधी लिहून टाका, आणि चाल संपल्यापासून आठ दिवसांची मुदत घाला. गावात ठेवलेले सामान लागले नाही, तरी स्वतः जाऊन घेऊन या. फोनवर "तुम्हीच वापरा" म्हणून सांगणे त्या घरच्यांना बरे वाटत नाही. आमच्या त्या बाबांकडे आता दर हिवाळ्यात दोन कॅन असतात, आणि ते घ्यायला गेलो की कॅनआधी हुरडा आणि चहा पुढे येतो. म्हणून त्या टप्प्याला आम्ही दोन तास जास्त धरतो.